भोकाचा बिल्ला

वऱ्हाडात बघण्यासारखं पुष्कळ आहे असं तिकडचे लोक सांगतात, आणि ते खरंच असेल. मी नाताळच्या सुट्टीत आठ दिवस तिकडे जाऊन आले ते एक भोक बघायला. परत आल्यावर प्रत्येकाने विचारलं, चिखलदऱ्याला गेलात का, पातूरची लेणी पाहिलीत का. नाही गेले आणि नाही पाहिली.

भोक एका पितळी बिल्ल्याला होतं. मी पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. नवे पैसे आले तेव्हा मुलींच्या घरोघरच्या डब्यांतून ढब्बू पैसे आणि संस्थानांची नाणी बाहेर पडली. टाकून देण्यापेक्षा शाळेत आणा, असं मी म्हटलं आणि तेव्हापासून हा उद्योग माझ्यामागे लागला. आमचं नाणी जमवणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ आहे. मंडळ एक यादी छापणार होतं आणि त्यातले लढाईच्या दिवसांतले रेशनचे बिल्ले माझ्याकडे आले होते. धातू, वजन, व्यास, चिन्ह, शेरा असे पाच रकाने. एका मुलीने वऱ्हाडातल्या मामाकडून आणलेल्या बिल्ल्यापुढे मी चार रकाने भरले होते. एका बाजूला कपाशीचं बोंड, दुसऱ्या बाजूला आकडा, आणि काठाशी विणायच्या सुईएवढं भोक. भोक कशासाठी, ते शेऱ्यात लिहायला हवं होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मंडळातल्या एका वयस्कर सभासदांनी लगेच सांगितलं, "लढाईत तांबं वाचवायला भोकाचा पैसा काढला नव्हता का सरकारने? तसंच हे."

मी म्हटलं, त्या पैशाचं भोक मधोमध आणि ऐसपैस असतं, नाणं पाडतानाच पाडलेलं. हे काठाशी आहे, मागाहून पाडलंय, बोटाला धार लागते.

"बाई, भोक म्हणजे भोक," ते म्हणाले. "शिवाय भोक पडलेली वस्तू सदोष. यादीतून गाळा."

गाळायचं झालं तरी का गाळलं ते मला सांगता यायला हवं. म्हणून गेले.

अमरावती

बडनेऱ्याला उतरले तेव्हा टांगेवाला म्हणाला, अमरावती दीड कोस. रस्त्याच्या कडेला नवा किलोमीटरचा दगड होता, त्यावरचा आकडा वेगळाच होता. माझी शाळेतली मैत्रीण विमल, जिच्या घरी मी उतरले, ती म्हणाली सहा मैल. तिन्ही आकडे मी वहीत मांडून पाहिले. एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. पुढचे आठ दिवस साधारण असेच गेले.

विमल लग्न होऊन अमरावतीला आली त्याला पंचवीस वर्षं झाली. दारातच म्हणाली, "काहून गं, अशी वाळली तू? पुण्यात जेवायले देत नाईत का?" रात्री गोळाभात, म्हणजे डाळीच्या गोळ्यांचा भात, केला होता. आपण भातावर तूप घेतो, इथे हिंग-मोहरीच्या फोडणीचं तेल वाटीत घालून पुढे ठेवतात आणि पाहुण्याच्या पानात स्वतःच ओततात. पुरे म्हटलं तर तो आणखी वाढण्याचा इशारा समजतात. मी दोनदा पुरे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमलने मला बाजारात एका भांडीवाल्याकडे नेलं. मोडीत आलेलं पितळ त्याच्याकडे जमतं. माझ्या पिशवीत नाणी तोलायचा लहान तराजू असतो. तो पिशवीबाहेर डोकावत होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुकानदाराच्या आलं.

"या बाईसाहेब, बसा," तो उठून उभाच राहिला. "आमच्याकडं सारं किलोचं हाये. एकही शेर नाई. पाहून घ्या." हे बोलताना त्याने पायाने एक लोखंडी वजन पोत्याखाली सारलं.

"मी मापं तपासायला आले नाही."

"नाई नाई, तपासा ना! आमाले काय भेव हाये?"

"अवो भाऊ," विमल म्हणाली, "पुण्याची मास्तरीण हाये ते. जुने पैशे पाह्यते."

"जुने पैशे? काहून? चालत नाईत ना ते आता."

"म्हणूनच," मी म्हटलं. त्याचा विश्वास बसला असं मला वाटत नाही, पण वितळवायला ठेवलेल्या तुकड्यांचा डबा त्याने पुढे केला. तासभर हात काळे केल्यावर त्यात तेच बोंड असलेला बिल्ला सापडला. आकडा वेगळा आणि भोक नाही.

मी खूश व्हायला हवं होतं. उलट गोंधळात भर पडली. म्हणजे भोक सगळ्यांना नव्हतं. मग काहींनाच का?

दुकानदाराने दोन्ही बिल्ले शेजारी ठेवून पाहिले. "हे रद्द केलेलं हाये. टीसी नाई का चिमटा मारत तिकिटाले?"

पटण्यासारखं होतं. पण भोकाची वरची कड एका जागी घासून खोल झाली होती. रद्द केलेली वस्तू नंतर इतकी घासेल कशी? विमल म्हणाली, बाया दोऱ्यात ओवून गळ्यात घालत असतील, पोलक्यात ठेवला तर हरपतो. हेही पटण्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे तीन कारणं झाली आणि तिन्ही कारणं शहाण्या माणसांनी दिलेली होती.

एक गोष्ट मात्र दुकानदाराला नक्की ठाऊक होती. बोंडाचं चिन्ह बाळापूरच्या एका जिनाचं. कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याला इकडे नुसतं जीन म्हणतात. ते जीन बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याचे दिवाणजी, म्हणजे कारकून, आता अकोल्यात मुलाकडे राहतात, जठारपेठेत.

अकोला

धर्मशाळेच्या वहीत रखवालदाराने माझ्या नावापुढे "वजनमाप खातं" असं लिहून ठेवलं होतं. तराजू मी ट्रंकेत टाकला. तोवर उशीर झाला होता. समोरच्या किराणावाल्याने मला पाहून नमस्कार केला.

दिवाणजी सत्तरीचे, नीटस, कोटाची सगळी बटणं लावून बसलेले. "बसा बाई. च्या घेता ना?" चहात पुण्यातल्या तीन माणसांची साखर होती. बिल्ले हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. "आमचेच! कुठं भेटले तुमाले?"

लढाईत धान्य मिळेना, मजूर काम सोडून धान्याच्या शोधात फिरायला लागले, तेव्हा मालकांनी जिनाच्या आवारातच कंट्रोलचं दुकान काढलं. प्रत्येक घराला आकडा घातलेला एक बिल्ला. शनिवारी बिल्ला खिडकीत ठेवायचा, दिवाणजी तो उचलून आकडा वाचणार, मापाडी ज्वारी घालणार, मग बिल्ला परत. चार वर्षांत एकाही शनिवारी दुकान बंद राहिलं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अभिमान वाटावा असंच ते होतं.

"आणि हे भोक?"

"तारेत ओवायले."

"मग या दुसऱ्याला का नाही?"

"ते खोक्यात राहत."

"काही तारेत, काही खोक्यात, असं का?"

"सोय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बायांचे तारेत, मानसांचे खोक्यात."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "बायांचे दोनीकडं राहत ना जी."

"म्हंजे रातपाळीचे," दिवाणजी म्हणाले.

"दुकान दिवसा, मग रातपाळीचा काय संबंध?"

"भोकाचं काय घेऊन बसल्या तुमी बाई? लढाईचे दिवस होते. गरिबाले ज्वारी भेटे, हे लेहा."

मी ते लिहिलं. त्याखाली शेऱ्यासाठी लिहिलं, "भोक पाडलेला, तारेत ओवण्यासाठी." घासलेल्या कडेशी तार जुळत होती. हेच खरं, असं ठरवून मी उठले.

दिवाणजींच्या पत्नी दारापर्यंत आल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळापूरले जाऊन या. जिनामागं सुंदराबाईचं घर इचारा. तिले माहीत हाये."

"तुम्हाला नाही?"

"मले बी हाये," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बाळापूर

सुंदराबाई हे नाव मी बदलून लिहिलं आहे. का ते पुढे येईल.

एस.टी.तून एक थांबा आधीच उतरले. किल्ला समोर दिसत होता, म्हणून जवळ असेल असं वाटलं. मध्ये नदीचं पात्र होतं. दगडांवरून जाताना चपलेचा अंगठा तुटला. काळ्या मातीत अनवाणी चालताना ढेकळं किती टोचतात हे आपल्याकडच्या लाल मुरमावर वाढलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बाजूने जात होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरं काहीतरी लोंबत होतं. कसली फुलं म्हणून जवळ गेले, तर बंड्या घासून अडकलेला कापूस. एका दुकानात सुंदराबाईंचं घर विचारलं. दुकानदाराने आधी किलोची वजनं ओळीने मांडून दाखवली, मग रस्ता दाखवला.

अंगण शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर. माझ्याच वयाची, सडसडीत बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोण पाह्यजे?"

मी सगळं सांगितलं आणि भोकाचा बिल्ला पुढे केला. तिने तो घेतला, डोळ्याजवळ नेला आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

"लई दिवसानं भेटला," ती म्हणाली.

"भोक कशासाठी, ते मी लिहून घेतलंय. चूक असेल तर सांगा." मी वही वाचली, "भोक पाडलेला, तारेत ओवण्यासाठी."

"बराबर हाये."

"बरोबर आहे?"

"हाव. तारच होती. तार कोणाच्या हातात होती, ते नाई लेहिलं तुमी."

मग तिने सांगितलं. शेंगा सोलणं चालूच होतं.

"खिडकीत ठेवा लागे बिल्ला. बाकीच्याइचा दिवाणजी हातानं उचले. आमचा आकड्यानं. अशी हातभर तार, पुढून वाकवलेली. भोकात घातली, उचलला, नंबर वाचला, आन तसाच तारेवरून खिडकीत सोडला. ज्वारी पत्र्याच्या पन्हाळीतून. खाली आमी पोतं धरो. बिल्ल्याले बोट नाई, पोत्याले बोट नाई."

"आमचा म्हणजे?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"आमचा म्हंजे आमचा. तवा आमाले जे म्हनत, ते आमी. आता बुद्धाचे." तिने सालं सुपात टाकली. "पन आमी बी लई बेरकी हो बाई. बिल्ला तेलात बुडवून आनो. आकडा घातला की सटके. दिवाणजी घाले, बिल्ला सटके. घाले, सटके. सारी रांग हासे. एकदा तं चिडून बोटानंच उचलला त्यानं! हिवाळा होता. तसाच उठला आन गेला आंघोळीले. घंटाभर दुकान बंद. त्याच्या दाताचा आवाज आमाले खिडकीत ऐकू ये!"

ती खोकला येईपर्यंत हसली. मीही हसले आणि मग मला हसावं की नाही ते कळेना. ती बघत होती. "हासा ना," ती म्हणाली. "हासायसारखंच हाये."

"तरी माणूस वाईट होता असं म्हणायचं का?"

"नाई. वाईट नाई. माप कदी कमी नाई घातलं त्यानं. पन्हाळीत अडकलेले दाने बी काडीनं ढकलून दे. पन काडीनंच."

बाराच्या सुमारास तिची मुलगी आली. तिथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. बिल्ला दिसल्याबरोबर तिने ओळखला. लहानपणी तीच तो धरून रांगेत उभी राहत असे.

"आई, हे कशाला सांगून राहिली तू?"

"या बाई पुस्तकात लेहिणार हायेत. लेहा बाई, माह्यं पुरं नाव लेहा. बिल्ल्यावर नंबर होता, नाव नोतं."

"तारेचं लिहा," मुलगी मला म्हणाली, "खुशाल लिहा. नाव नको."

"काहून नको?" आई उसळली. "म्या का चोरी केली? तार माह्या हातात होती का?"

"आई, ऐक तरी. बाई, माझ्या वर्गात बसतात त्यांतल्या अर्ध्या मुलांच्या आईबापांचे बिल्ले बिनभोकाचे होते. पहिल्या वर्षी ती मुलं माझ्या हातातून पाटी घ्यायची नाहीत. मी टेबलावर ठेवायची, मग ती उचलायची. आता घेतात हातातून. तुमच्या पुस्तकात आईचं नाव आलं की गावात वाचलं जाईल, दिवाणजींचे नातलग इथेच आहेत, बोलाबोली होईल. मला पाटी परत टेबलावर ठेवायची नाही."

"म्हंजे तुह्या पाटीसाठी मी बिननावाची राहू?"

"हो," मुलगी म्हणाली. "राह्य."

सुंदराबाईने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग ती उठली आणि तिने आम्हा दोघींना वाढलं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची भाजी, आणि ठेचा. तो ठेचा मी पुण्याच्या ठेच्यासारखा चमच्याएवढा घेतला. मायलेकींनी एकदमच पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढंच काय ते दोघींचं त्या दिवशी एकमत झालं.

पुन्हा जठारपेठ

मुलींना मी शिकवते की एका माणसाच्या सांगण्यावर इतिहास लिहू नये. सुंदराबाईवर अविश्वास नव्हता. पण दिवाणजींनी तीन कारणं दिली होती आणि त्यांतलं पहिलं तर खोटंही नव्हतं. पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी होती. मी परत त्यांच्या दारात गेले.

त्यांना आनंद झालेला दिसला नाही. तरी चहा आला. मी भोकाबद्दल काहीच विचारलं नाही. दोन्ही बिल्ले टेबलाच्या कडेवर ठेवले आणि म्हटलं, "दिवाणजी, शनिवारी तुम्ही काम कसं करायचात, तेवढं दाखवा. क्रमाने लिहून घेते."

कामाबद्दल विचारलं की म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं. ते ताठ बसले. "रांग लागे. पह्यला बिल्ला आला." बिनभोकाचा बिल्ला त्यांनी चिमटीत उचलला, आकडा मोठ्याने वाचला, "माप!" असं मापाड्याला सांगितलं आणि बिल्ला डावीकडे ठेवला. "झालं. मंग दुसरा."

त्यांचा उजवा हात टेबलाच्या उजव्या कडेला गेला. तिथे काही नव्हतं. बोटांनी लाकूड चाचपलं, थोडं पुढे, थोडं मागे. नजर बिल्ल्यावरच होती.

पत्नी दारात उभ्या होत्या. "आकडा नाई जी तिथं," त्या म्हणाल्या.

हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला. भोकाचा बिल्ला टेबलावर राहिला.

"मालकाचा हुकूम होता," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी नसतो तं दुसरा कोणी असता तिथं."

"हो," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"सुंदरा बरी हाये का?" पत्नींनी विचारलं.

"बरी आहेत. मुलगी शिक्षिका आहे."

"हाव का?" दिवाणजी म्हणाले. त्यांना ते माहीत नव्हतं की होतं, ते मी सांगू शकत नाही. मी निघताना ते उठून उभे राहिले. "बाई, जे लेहाचं ते लेहा. माह्यं नाव तेवढं नका लेहू."

पुणे

यादी संक्रांतीच्या आत छापखान्यात द्यायची होती. वयस्कर सभासदांनी माझा शेरा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "तारेत ओवण्यासाठी, एवढं पुरे होतं. ते चूक नाही असं तुम्हीच म्हणता. नाण्यांच्या यादीत माणसं कशाला?"

मी म्हटलं, मग मी केलेला भाग पुरा काढून घेते. तोवर इतकी पानं जुळली होती की त्यांना ते परवडणार नव्हतं. शेरा राहिला. "जिनातल्या अस्पृश्य मजुरांच्या बिल्ल्यांना भोक असे. कारकुनाने ते हाताने न उचलता तारेच्या आकड्याने उचलावेत म्हणून."

त्याखाली माहिती देणाऱ्याचं नाव घालायची आमची रीत आहे. दिवाणजींना नाव नको होतं, ते सोपं होतं. सुंदराबाईला हवं होतं. मी तिच्या मुलीचं ऐकलं, कारण रोज सकाळी वर्गासमोर उभं राहायचं तिला आहे. आईचं ऐकायला हवं होतं, असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटतं. मग मुलीचं बरोबर वाटतं. दोघींचंही बरोबर असेल तर काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

"माहिती" असं लिहून पुढे मी सुंदराबाईच्या पुऱ्या नावाएवढी जागा कोरी सोडली. छापखान्यातला कंपोझिटर मुद्दाम शाळेत विचारायला आला, "बाई, इथे मजकूर राहिलाय का?"

"राहिलाय," मी म्हटलं. "जागा आहे तेवढीच ठेवा."